इन्नोम्मे

निपाणीच्या नोंदणी कचेरीत
अंगठा मशीनवर ठेवला.
मशीननं घेतला नाही.

"इन्नोम्मे," कारकून म्हणाला. पुन्हा एकदा.
पदराला पुसून ठेवला. नाहीच.
बत्तीस वर्षं विडीची पानं कापली, वळली,
हजारामागं हजार.
रेघा कुठल्या बंडलातनं गेल्या
कुणी मोजल्यात?

आदगोंडा शेजारी उभा. धाकटा.
ह्याची शाळेची फी ह्याच अंगठ्यातनं गेली.
आज गाडीचं तिकीट त्यानं काढलं,
स्टँडवर चहा पाजला, वर एक जांभळा खण,
आणि कानाशी, "अक्का, नुसता रिवाज गं.
माहेर कुठं पळून जातंय?"

कागद कानडीत.
बोलायला येतं मला, बाजारापुरतं, भांडणापुरतं.
अक्षरं मात्र
जोंधळा सांडल्यागत.

"इन्नोम्मे."
ओला हात, मग तेलाचा.
मशीन लाल.

मागं रांगेत कॉलेजातली पोरगी होती.
म्हटलं, बाई, एवढं वाच.
ती वाचत गेली, मराठीत सांगत गेली:
ओढ्याकडचं तीस गुंठं.
मोबदला न घेता.
कुणाच्या दबावाशिवाय.
स्वखुशीनं.

आदगोंडा पंख्याकडं बघत होता.

कारकुनानं शेवटी शाईची डबी उघडली.
मी पिशवीतनं खण काढला,
भावाच्या हातात दिला,
आणि अंगठा मुठीत घेतला.

"इन्नोम्मे?"
"ब्याड," मी म्हटलं,
साहेबाला कळावं म्हणून कानडीत.
आदगोंडाला कुठल्या भाषेत सांगायचं
ते गाडीत बघू.