इथं कळतंय का

कंपूच्या इस्पितळात दर तीन महिन्यांनी
डॉक्टर भदौरिया विचारतात, 'और कोई तकलीफ?'
मी म्हणतो, 'नहीं साब.'
सात वेळा म्हटलं. मोजलेलं आहे.
मोजणं हा माझा धंदाच,
बिजली कंपनीत एकोणतीस वर्षं
लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटरचे आकडे टिपतो.
कुणाच्या घरी किती जळलं, मला ठाऊक.

माझ्या घरी बोटाला सुई. दोनशे चाळीस. एकशे नव्वद.
कुणी मुरैन्याची गजक आणली
तर शैला डबा वरच्या फळीवर ठेवते
आणि स्टूल शेजाऱ्यांकडे.

हे सगळं सांगता येतं.
ते एक येत नाही.
आम्ही ग्वाल्हेरचे, बाजार हिंदीत, देव मराठीत,
शिव्या जशा सुचतील तशा,
पण याला दोन्हींत शब्द मिळेना.
हिंदीतला भिंतींवर रंगवलेला, स्टेशनापासून बिर्लानगरपर्यंत,
पिवळ्यावर लाल: निराश मर्द तुरंत मिलें.
(तिथलंही एक मीटर माझ्याकडे आहे.
घाईत वाचतो, चुकीचं वाचतो.)
मराठीत म्हणायचं तर 'पुरुषत्व गेलं',
जशी टेंपोत कुणी अंगठी मारली.

दीड वर्ष मी काय केलं?
शैलाला झोप लागेपर्यंत बातम्या पाहिल्या.
पाठ दुखवली.
मग कूलरच्या आवाजाला नावं ठेवून
बाहेरच्या खोलीत खाट टाकली.
ती काही बोलली नाही.
रोज संध्याकाळी खाटेवर एक चादर असायची,
कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेली.
त्या चादरीची मला भीती वाटायची.

आठव्या खेपेला नेमकी लाइट गेली.
'आपके महकमे की मेहरबानी,' डॉक्टर हसले
आणि अंधारातच सवयीनं विचारलं,
'और कोई तकलीफ?'
'है, साब. एक है.'

खोकला विचारावा तसं विचारलं त्यांनी, कब से.
शुगर नसांना खाते म्हणाले, रक्ताच्या वाटाही.
बोलता कोई नहीं, होता बहुतों को है.
पहले दिल की जाँच, फिर गोली की सोचेंगे,
दीवारवाले से कुछ मत लेना.
लाइट आली. मी छताकडे पाहत होतो.
त्यांनी नायलॉनचा धागा तळपायाला टेकवला,
'यहाँ लगा?'
मला वाटलं, अजून सुरुवातच केली नाहीये.
'और घर में बात की?'

घरात शैला मेथी निवडत होती.
मी सांगितलं. उभ्यानंच, चप्पल न काढता.
तिचे हात काही थांबले नाहीत.
'माझी पाळी गेली, म्हणून तुम्ही…'
मग देठांचा ढीग बाजूला सारून म्हणाली,
'इतक्या घरांत जाता,
मला वाटलं कुठल्यातरी मीटरपाशी थांबलात.'
हसली. आणि मग हसली नाही.
'दीड वर्ष? मी चादर कुणासाठी घालत होते?'
ताटलीतली मेथी तशीच राहिली, सुकली,
जेवायला आम्ही दहीभातच खाल्ला.
तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही आणि मी ते ऐकून घेतलं.

रात्री ती केरसुणीची काडी घेऊन आली.
'डोळे मिटा. डॉक्टर कसं करतात ते सांगा.'
अंगठा. इथं कळतंय का?
नाही.
टाच?
टेकवलीस तरी का?
घोटा. जरासं. पोटरीवर, हो.
गुडघ्यामागे काडी थबकली
आणि मी न विचारता म्हणालो, कळतंय.

मग काडी फरशीवर पडल्याचा आवाज आला,
पुढचं तिनं बोटांनी विचारलं.
कूलर घरघरत होता, खाट बाहेर रिकामी.
ते झालं नाही. ते त्या रात्री होणारही नव्हतं.
पण 'कळतंय' मी इतक्या वेळा म्हटलं
की आकडा टिपायचा राहून गेला.