किंवा

नैरोबीच्या न्यायालयात मी फायली शिवतो.
जाड सुई, मेण लावलेला दोरा, एका फायलीला तीन टाके.
वाचायचं नसतं.
पण टाका घालताना डोळे मिटता येत नाहीत.

केमुंतो न्याबोके, वय चौतीस, राहणार किसी.
वडील शंखजिऱ्याचे पाणघोडे कोरतात.
गिऱ्हाईक विचारतं, हा हत्ती का?
ते हो म्हणतात आणि विकून टाकतात.

तिच्याकडे कागद आहेत:
आधी प्रमाणपत्र, मग पदविका, मग कायद्याची पदवी.
पायरी स्वतः घडवायची, मग तिच्यावर पाय ठेवायचा,
अशी अकरा वर्षं.
त्यातली दोन नुसती फी साठवण्यात गेली,
बसथांब्यावर उकडलेली अंडी विकत.
आता वकिलीच्या प्रशिक्षणाचं दार आलं,
आणि दारातला माणूस विचारतो,
शाळेत इंग्रजीला काय होतं?

तेव्हा ती सतरा वर्षांची होती.
निबंध आला, विमानतळावरचा एक दिवस.
विमानतळ तिनं पाहिला नव्हता.
तिनं दगडाच्या ट्रकवर लिहिलं,
चढावर तो कसा धापा टाकतो,
मागं बसलेली पोरं पांढरी होऊन कशी उतरतात.
(शपथपत्र, परिच्छेद एकोणीस.)
हवा होता बी. मिळाला बी उणे.
उण्याची ती आडवी रेघ
अजून वाटेत आडवीच आहे.

नियमात दोन कलमं.
एकात पदवी, दुसऱ्यात शाळेची श्रेणी,
मधे एक शब्द: किंवा.
ती म्हणते, किंवा म्हणजे किंवा.
चहा किंवा कॉफी विचारून
कुणी एकाच कपात दोन्ही ओतत नाही.
संस्थेचे वकील म्हणाले, कायद्याचा हेतू पाहता
इथं किंवाचा अर्थ आणि असा घ्यावा.
यावर ते सव्वादोन तास बोलले.
मधे दोनदा पाणी प्याले.

ते म्हणतात, कुठंतरी रेघ ओढावीच लागते.
खोटं नाही.
माझ्या मेव्हण्याचा जमिनीचा दावा
वकील तारीख विसरला म्हणून बुडाला.
त्या वकिलाचे शाळेतले गुण उत्तम होते.

खालच्या कोर्टात ठरलं: किंवा.
वरच्या कोर्टात ठरलं: आणि.
त्याच्याही वरच्या कोर्टात ठरली तारीख.
जानेवारीत वर्ग भरले.
पुढच्या जानेवारीतही भरले.

एक दिवस मात्र मला आठवतो.
चष्मा कपाळावर सरकवून न्यायमूर्ती बाई म्हणाल्या,
अर्ज नेटका आहे. इंग्रजी तर फारच स्वच्छ. मसुदा कुणाचा?
ती उठली. म्हणाली, माझाच.
मागं कुणीतरी हसलं.
संस्थेचे वकीलही हसले, माणूस वाईट नाही,
आणि लगेच कागदात काहीतरी शोधू लागले.
बाईंनी टिपून घेतलं.
निकालात ते आलं नाही.
शिवताना मी पान अन् पान पाहिलं.

मला नोकरीवर घेताना कुणी श्रेणी विचारली नाही.
सुई दिली, म्हणाले, ओवून दाखव.
खिडकीकडे तोंड करून मी ओवली.
एवढंच. सव्वीस वर्षं झाली.

काल ती नक्कल मागायला आली.
सध्या वडिलांच्या हाताखाली पाणघोडे घासते म्हणाली,
फार वेळ बोलली नाही.
शुल्क भरलं, पावती घडी करून बुटात ठेवली.
गेल्यावर पाहिलं तर फायलीच्या काळ्या पुठ्ठ्यावर
पांढऱ्या भुकटीची चार बोटं,
अंगठा जरा बाजूला.
फडकं घेतलं. मग ठेवून दिलं.

फाइल आता इतकी जाड झालीय
की सुई आरपार जात नाही.
शेजारच्या चांभाराकडून आरी मागून आणलीय.