उन्हाळी टायर

शिरोली नाक्याच्या अलीकडं, शिकलगार टायर्स.
इलाहीभाई खुर्ची मला देतो
आणि बोलतो भाच्याशी:
"गाडी कोण चालवतंय?"
भाचा माझ्याकडं बोट करतो.
इलाहीभाई चहा सांगतो. दोन.
मग थांबून, तीन.

बाहेर गाडी उभी. पिवळी, बुटकी, सतरा वर्षांची,
बसताना आधी गुडघ्यांची परवानगी लागते.
सिग्नलला लोक विचारतात, "बाई, मागं कोण बसतं?"
मागं इंजिन बसतं.
म्हणून मागचे टायर रुंद, पुढचे अरुंद,
आणि स्टेपनी नाहीच.

समर टायर पाहिजेत म्हटल्यावर भाचा हसला.
उन्हाळी भुईमूग ऐकलाय, मावशी,
टायर पण उन्हाळी?
"ती थंड मुलखातली भाषा," इलाहीभाई म्हणाला,
"तिकडं बर्फाचा टायर वेगळा असतोय.
पर आपल्याकडं बी, ह्या दिवसांत पहाटं पन्हाळ्याला जावा,
पहिली दोन वळणं ह्यो रबर झोपंतच असतोय.
आमच्या अब्बांसारखा. ऊन लागल्याबिगर बोलत न्हाय."

दोन जोड समोर मांडले.
एक मऊ. नख रुतवलं तर खूण राहील असा,
खाचा नावाला, आणि किंमत
कुणीतरी रागावून कमी केल्यासारखी.
दुसरा जरा हटवादी,
पाणी बाहेर काढायला चार खोल पाट,
किंमत मात्र सरळ.
भाच्याचा जीव पहिल्यावर.
"मावशी, नाद खुळा ग्रिप!"

मी चष्मा लावला.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या वाचतेय,
कडेला बारीक लिहिलेलं आधी दिसतं.
टायरच्या अंगावर चार आकडे: आठवडा आणि साल.
"इलाहीभाई, हा अडतिसाव्या आठवड्यातला,
पण कुठल्या वर्षाच्या?
न धावताच म्हातारा झालाय हा तुमच्या माळ्यावर."

इलाहीभाईनं टायर फिरवला. पुसला. परत वाचला.
आणि मग पहिल्यांदा
स्वतःचं स्टूल माझ्याकडं वळवलं.
"खरं सांगा ताई. आठवड्यात जोरात किती चालवता?"

मी हिशेब केला.
सोम ते शनि: राजारामपुरीतले गतिरोधक, तिरके घ्यायचे,
नाहीतर पोट घासतं.
गोकुळ शिरगावचे दोन क्लायंट.
रविवारी पहाटे गगनबावड्याचा रस्ता, 
कळ्याच्या पुढं, वळणं सुरू होतात तिथं.
"अकरा मिनिटं," मी म्हणाले.
भाच्याला ते फार कमी वाटलं.
मला ते नेहमी पुरतं.

बालिंग्याचं मी सांगितलं नाही.
गेल्या महिन्यात, अंधारात, उसाची जोडट्रॉली,
मागं ना दिवा, ना लाल पट्टी,
नुसती वाढ्यांची टोकं काचेत वाढत गेलेली.
ब्रेक लागला. टायर नाही लागले.
जुने रबर रस्त्यावरून गप्पा मारत गेल्यासारखे घसरत गेले
आणि थांबले तेव्हा
बॉनेट आणि ऊस यांच्यात एक वीत होती.
ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नाही.
त्याचं गाणं मोठ्यानं चालू होतं.
मी तिथंच बसून पाच मिनिटं
स्टिअरिंगवरचे दोन्ही हात मोजत होते.

सगळी गाडी उभी असते
फार तर चार तळहातांएवढ्या रबरावर.
अकरा मिनिटांसाठी कुठलाही टायर चालला असता.

"हटवादी द्या," मी म्हणाले. "चारी. ह्याच वर्षाचे."
बिलावर कपात मागितली नाही,
त्यानंच पाचशे सोडले आणि मला
सोडल्याचं दिसू दिलं नाही.

चाकं चढली. नव्या रबरावर बारीक बारीक केस,
भाचा उपटायला लागला.
"ऱ्हाऊ दे," इलाहीभाई म्हणाला,
"जावळ हाय त्ये. रस्ताच काढतोय.
आन् ताई, पहिलं शंभर किलोमीटर दमानं.
नवा टायर तेलकट असतोय, पाय ठरत न्हाय त्याचा."

परत येताना कावळा नाक्यापर्यंत
एका उसाच्या ट्रॉलीमागं राहिले. वीसच्या वेगात.
भाचा म्हणाला, "मावशी, काढ की पुढं."
चिपाडं चाकाखाली करकरत होती.
मी ट्रॉलीच्या मागच्या फळीकडं बघत होते,
कुणीतरी तिथं लाल कापड बांधलं होतं.