नव्वद मीटर

कमानीपासून मागच्या मैदानापर्यंत नव्वद मीटर.
पहिल्याच दिवशी पावलांनी मोजलेत.
बायपासवरच्या या लॉनवर
येणारी प्रत्येक गाडी माझी असते,
तेवढ्यापुरती.

आज दोन मोठ्या आल्या.

मुलीच्या मामांची पेट्रोलची, काळी, आठ सिलिंडरची.
ती कमानीत शिरण्याआधी तिची बातमी शिरली.
सनईवाल्यानं सूर सोडून वळून पाहिलं,
पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.

मुलाच्या काकांची नंतर, मंगलाष्टकं सुरू झाल्यावर.
विजेची, मोतिया रंगाची.
ती कधी आली ते मला
काकांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.

काळीची चावी जड, वजनाच्या मापासारखी.
मोतियाचं नुसतं कार्ड.

काळीत बसलो, बटण दाबलं,
बरगड्यांत कुणीतरी ताशा बडवला.
पाय टेकवला फक्त, दाबला नाही,
तरी ती झेपावली
फटाका ऐकलेल्या वरातीच्या घोडीसारखी.
माणसं आपोआप बाजूला झाली.
नव्वद मीटर संपले तेव्हा वाटलं,
आपण आज काहीतरी केलं.

मोतियात बसलो तर
चालू झाली की नाही तेच कळेना.
पप्पूभिया लांबून ओरडला,
‘अबे दिगू, चालूच आहे ती, ब्रेक सोड!’
सोडला. चाकाखाली खडी कुरकुरली,
आवाज म्हणून तेवढाच.

पुढं बालमुकुंद हलवाई चालला होता
दोन्ही हातांत चाशनीचं पातेलं धरून.
त्याला गाडी ऐकूच गेली नाही.
आत ‘सावधान’ म्हणताहेत,
बाहेर मी हॉर्न कसा वाजवू?
गेलो मग त्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीनं,
एक कोटीची गाडी
चाशनी सांडू नये म्हणून पावलापावलानं.
काचेतून त्याच्या टाचांच्या भेगा दिसत होत्या.
काळीतून कुणाच्या टाचा दिसल्या नव्हत्या,
सगळे तोंड वळवून उभे होते.

पडद्यावर आकडा होता: ४१२ बाकी.
चारशे बारा म्हणजे नाशिक.
तिथून माझे खापरपणजोबा आले
होळकरांच्या पागेत नाल ठोकायला.
परत कुणी गेलं नाही.
मी हिशेब केला, एवढ्या विजेत पोचेन.
येतानाचं येताना बघू.
तेवढ्यात मैदान आलं.

रात्री व्याही व्याही पान चघळत बाहेर आले.
‘सेंधव्याच्या घाटात चार्जर बंद निघाला म्हणजे?’
‘आणि तुमची? किलोमीटरला पंचवीस रुपये पिते!’
‘पिते, पण बोलते तरी.’
‘माझी चार सेकंदांत शंभर गाठते, न बोलता.’
मग मामांना मी दिसलो.
‘तू चालवल्यास ना दोन्ही? सांग, कुठली भारी?’

मी काय सांगणार,
दोन्हींचा वेग मी वीसच्या आतलाच पाहिला.

म्हणालो, ‘साहेब, तुमच्या काळीखाली
कुत्री येऊन झोपलीय, पिल्लांसकट.
थंडी आहे, इंजिन अजून कोमट आहे.
आधी तिला उठवावं लागेल.’
काकांनी विचारलं, ‘आणि माझ्या गाडीखाली?’
‘तुमच्या गाडीखाली कुणी नाही.’

दोघंही हसले.
दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो.

मामांनी शंभराची नोट दिली.
काका म्हणाले, फोनवर पाठवतो,
आणि नंबर न घेता गेले, आवाज न करता.

पिल्लं एकेक उचलून
मी तंदूरच्या राखेजवळ नेऊन ठेवली, चार.
काळी गुरगुरत बायपासला लागली,
लसूडिया नाक्यापर्यंत ऐकू येत राहिली.

वळून पाहतो तर कुत्री
पिल्लं तोंडात धरून परत आणत होती
त्याच रिकाम्या चौकोनात.
जमीन अजून ऊबदार असावी.