हलू नका

एक्स-रेच्या फिल्मा काळ्या कागदात गुंडाळून यायच्या,
आत उजेड शिरू नये म्हणून.
फिल्मा संपल्या की कागद कचऱ्यात.
मी तो घरी आणायचे, रास्ता पेठेत,
लोखंडी कपाटात, इस्त्रीच्या साड्यांखाली.
तीनशेवर ताव साठले तरी
कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.
हे म्हणायचे, रद्दीवालासुद्धा काळ्याचे पैसे देत नाही.

मग ती मुलगी आली. डेल्ना, वय सोळा, उजवं पाऊल.
पडलीस का, विचारलं.
नाही, म्हणाली, उभी राहिले.
बोटांच्या टोकांवर, रोज तीन तास.
टोकांवर उभं राहून आम्ही
फळीवरचा साखरेचा डबा काढतो, बाई.

पाऊल प्लेटवर ठेवलं.
अंगठ्याचं नख काळंनिळं, करंगळीला घट्टा,
सोळाव्या वर्षी हमालाचं पाऊल.
श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका –
तोंडाला बसलेलं वाक्य, छातीच्या पेशंटचं.
पायाच्या फोटोला श्वास कशाला रोखायचा?
पण तिने रोखला,
आणि मशीन थांबल्यावरही सोडेना.

लाल दिव्याखाली फिल्म निथळत होती.
दुसऱ्या बोटामागचं हाड, पांढरं,
त्यात एक काळी रेघ. केसाएवढी.

एका शनिवारी उगाचच कँपात उतरले.
ईस्ट स्ट्रीटच्या मागे, बेकरीच्या वर, तिचा क्लास.
आत जायचा धीर झाला नाही.
जिन्यावरच्या खिडकीला दुधी काच होती,
तिच्यावर सावल्या.
पियानोच्या दोन पट्ट्या मुक्या, तिथे सुराऐवजी
नुसतं लाकूड वाजायचं, टक्,
आणि त्या टक्‌वरही कुणीतरी वर उचललं जायचं.
बॅले म्हणून मी पाहिलं ते एवढंच.

बोहरी आळीत बारीक टोकाची कात्री मागितली.
काय कापायचंय, पत्रा की नख?
मुलगी, म्हटलं. त्याने दोनदा पाहिलं माझ्याकडे.

पहिली कापली ती कोंबडी झाली.
दुसरी छत्री, वाऱ्याने उलटलेली.
मग कळलं, हात फिरवायचा नाही.
कात्री एका जागी, कागद फिरवायचा.
कपाळ, हनुवटी, मान, मानेखालचा तो खड्डा,
झालरीचा कडा, वात वळावी तसा पाय.
चेहरा नाहीच. त्यामुळे
ती आपल्याकडे येतेय की पाठ करून निघालीय
हे ज्याचं त्याने ठरवावं.

पुढे खात्यात कॉम्प्युटर आले.
फिल्म नाही, डार्करूमला कुलूप, काळा कागद बंद.
मी उरलेले ताव मोजून ठेवले. एकोणीस.

रिटायर व्हायच्या महिन्यात
एक बाई आईला घेऊन आली, खुब्याच्या फोटोसाठी.
चेहरा नाही ओळखला. सपाता काढल्या तेव्हा पाऊल ओळखलं.
डबा खाताना तिला वही दाखवली,
पानापानावर चिकटवलेल्या चाळीस जणी.
ती हळूहळू पानं उलटत राहिली.
छान आहेत, म्हणाली. पण ह्यांना वजन नाही.
ह्यांतल्या एकीलाही दुखत नाहीये.

आठवडाभर राग होता माझा.

मग एक ताव काढला.
घोटा जाड ठेवला, गुडघा जरा हटवादी,
मान ताठ, पण श्वास धरून ठेवलेली.
आणि शेवटी, कात्री ठेवून, ब्लेडच्या कोपऱ्याने
उजव्या पावलात, दुसऱ्या बोटामागे
एक चीर. केसाएवढी.

टेबलावर ठेवली तर दिसत नाही.
स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीवर लावलीय.
चार वाजले की सगळी ती काळी,
आणि पावलातली रेघ पेटते.

परवा हे चहाचा कप घेऊन आले, पुढे वाकून म्हणाले,
इथे कापताना चुकलीस वाटतं.
म्हटलं, जरा हला तिथून,
उजेड अडतोय.