इतरे

ईरण्णाचं अंदाजपत्रक कानडीत आहे.
मला कानडी बोलता येतं, भांडताही येतं,
वाचताना मात्र अक्षराखाली बोट ठेवावं लागतं.
खानापूर पोस्टात चौतीस वर्षं
टपाल लावलं ते पिनकोडवरून,
त्यामुळे आकडे आधी दिसतात, माणसं मागून.

एक लाख शहाऐंशी हजार.
पुढचं अंगण दोन गुंठ्यांचं,
त्यात सध्या टाकळा, रानमोडी
आणि बहुतेक दुपारी गुरवांची म्हैस.

"वाच बघू," म्हटलं.
पोरगा बागलकोटला शिकून आलाय, चार वर्षं, डिग्रीचं बागकाम.
तिकडची हवा खडखडीत,
म्हणून इथलं शेवाळ बघून त्याला आधी आनंद होतो, मग काळजी.
इथे कपाटातल्या चपलेला बुरशी येते,
आगपेटी डब्यात ठेवूनही सर्दते,
भिंतीत खिळा ठोकला तर आठवड्यात
त्यालाही मोड फुटेल, असं आमचे हे म्हणायचे.

पहिलीच ओळ: अठ्ठेचाळीस हजार.
त्यात एक पान नाही की फूल नाही.
दीड फूट खणायचं, खडी, भोकांची पाईप, वाळू,
आणि वर पुन्हा माती, होती तशी.
"मग दिसणार काय रे?"
"काही नाही, आक्का. दिसलं तर चुकलं."

जांभ्या चिऱ्याची पायवाट, अठ्ठावीस.
रोपं एकतीस. तो म्हणाला संपिगे, मी म्हटलं सोनचाफा,
तो दासवाळ, मी जास्वंद,
कुठल्याही नावाने भाव एकच निघाला.
हिरवळ चाळीस, वर महिन्याला अडीच हजार कापायला,
कारण या दमटपणात गवत झोपत नाही.
दिवे बावीस. (कोणासाठी?)

शेवटच्या ओळीवर त्याचं बोट जरा घाईने सरकलं.
इतरे. सतरा हजार.
"इतर म्हणजे?"
त्याने कान खाजवला, म्हशीकडे पाहिलं.
"मरतात त्यांचं, आक्का. दहा टक्के धरतात.
मुळं कुजतात. दहातली दोन-तीन जातात.
कोणती, ते आधी कळत नाही."

मी आत जाऊन चहा टाकला.
घरखर्चाच्या वह्या फडताळात आहेत, सगळ्या सालांच्या.
त्यात किराणा, दूध, लाईटबिल, भिशी,
आणि एका साली ऑगस्टात, किराण्याच्याच रकान्यात,
रवा आणि गोडेतेल यांच्या मधे,
बेळगावचं हॉस्पिटल.
दुसरीकडे लिहायला जागाच आखली नव्हती.

चहा घेऊन आले आणि पेन्सिल उचलली.
हिरवळ काढली. दिवे काढले.
जमिनीखालच्या अठ्ठेचाळिसाला हात लावला नाही.
पोरगा प्रामाणिक, लगेच हिशेब करून म्हणाला,
"मग इतरे पण उतरतं, आक्का.
एक लाख सातवर दहा टक्के,
दहा हजार सातशे पुरे."
"सतराच राहू दे."
"पण टक्केवारी..."
"राहू दे म्हटलं ना."

एक लाख चोवीस.
ग्रॅच्युइटीतले बाजूला ठेवलेले सव्वा लाख.
तो सोमवारी खणायला माणसं आणतोय, नंदगडची दोघं.
सही करताना त्याने माझ्यासाठी
त्या शेवटच्या शब्दाखाली देवनागरीत लिहिलं,
शाळेतल्या पोरासारखं, जीभ दातात धरून:
इतरे.
मात्रा मी खोडली नाही.

हजार उरले.
तो गेटापर्यंत गेला तेव्हा लक्षात आलं,
एवढ्या कागदात कुठेच
म्हशीसाठी कुंपण धरलेलं नाही.