सुलक्षणा

एकतीस मार्चच्या आत ठरवायचं आहे.
रामनाथनं विजेच्या बिलामागे दोन रकाने पाडले:
दाबोळी, मोपा.
दाबोळीखाली लिहिलं, पहाटे अडीचला उठणं,
कुठ्ठाळीचा ट्रॅफिक, टॅक्सीचे दोन हजार.
मोपाखाली, कोलवाळचा पूल ओलांडला की झालं.
खाली रेघ मारून तो झोपायला गेला.
बिल भरायचं राहिलंय
हे दोघांच्याही लक्षात नाही.

खात्यात बेचाळीस हजार सहाशे दहा पॉइंट.
औषधांच्या कारखान्यांत जाऊन
यंत्रांच्या सांदीत बोट फिरवून धूळ बघायची,
हे माझं काम, अकरा वर्षं.
बद्दीचे सतरा फेरे त्यात आहेत,
नागपूरला धुक्यात अडकलेली एक रात्र आहे,
बाकावर, एका अनोळखी बाईच्या शालीचं
अर्धं टोक पांघरून.
(तिचे पॉइंट वेगळे, माझे वेगळे.)
आणि सुरतची आत्या गेली तेव्हाचं तिकीट,
तिप्पट भाड्याचं,
म्हणून तिप्पट पॉइंट.
आकडा विचारत नाही कशासाठी गेलात.
एवढ्यांत एकेरी वाराणसी मिळते,
नाहीतर चाकांची बॅग.

नवी कंपनी म्हणते, या.
तिकडे चंदेरी होता, इकडेही चंदेरीच राहाल,
दर्जा आम्ही जुळवून देऊ.
फक्त जुन्या कार्डाचा फोटो पाठवा.
म्हणजे एकाला सोडून जाताना
त्याच्याशी किती एकनिष्ठ होते
याचा दाखला दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

कार्डावर माझं नाव सुलक्षणा.
पहिल्याच फॉर्मवर कुणीतरी 'णा' जोडला.
दोनदा कळवलं, मग सोडून दिलं.
तेव्हापासून जमिनीवर मी सुलक्षा,
पस्तीस हजार फुटांवर सुलक्षणा:
खिडकीजवळची, तक्रार न करणारी,
जिनं आयुष्यात कधी कुकर लावलेला नाही.
सोडवत नाहीये
ती कंपनी, की ही बाई?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
इनासिनला चुकवून पलीकडच्या रांगेतून वळले.
तिथं तिसऱ्या वाट्यामागे वीस रुपयांनी स्वस्त.
पिशवी ओढणीआड धरली, तरी
तिनं पाठमोरीलाच ओळखलं:
"बाये, म्हज्यो तिसऱ्यो कोडू जाल्यो गो?"
कान तापले भर बाजारात.
नको असताना चार बांगडे घेतले.
पाचवा तिनं वर टाकला,
कार्ड न बघता.

दाबोळीला अशी हाक कुणी मारणार नाही.
एखाद्या सोमवारी यंत्र मला यादीतून उतरवील,
इतकंच, आणि त्यालाही ते कळणार नाही.
कळेल ते आग्नेलला.
अकरा वर्षं तो पहाटे तीनला फाटकाशी येतो,
हॉर्न देत नाही, दिवे फक्त मिचकावतो.
झुआरीचा पूल येईस्तोवर एक शब्द नाही,
पुलावर चढला की बोलायला लागतो:
मुलीचं नर्सिंग, डिझेल, गुडघा.
कुठं चाललात, असं त्यानं कधी विचारलेलं नाही.
रामनाथच्या रकान्यात तो 'टॅक्सी' या शब्दात मावला.

त्याच रात्री साडेअकराला कार्डाचा फोटो काढला.
कोपऱ्यात माझा अंगठा आला,
बांगड्यांच्या हळदीनं पिवळा.
पुन्हा काढायचा कंटाळा केला,
तसाच पाठवला.
चार मिनिटांत उत्तर:
प्रिय सुलक्षणा, आपलं स्वागत आहे.

सगळं जुळवून दिलं त्यांनी,
चूकसुद्धा.

सोळा एप्रिलचं तिकीट आधीच काढलेलं,
जुन्याच कंपनीचं, दाबोळीहून.
आग्नेलला तीनला ये म्हटलंय.
पूल येईपर्यंत तो गप्प असतो.
तेवढ्यात मला
एक वाक्य जुळवायचं आहे.